पावशेर गूळ

“पावशेर गुळासाठी पीर पोरीचा जीव घेतो का हो, बाबा?”

अमीनबाबा दर्ग्याची पायरी झाडत होते.

विचारणारा इराप्पा, गूळपेठेतला तोलार. सूर्य एखाद्या दिवशी उशिरा उगवेल, पण इराप्पाचा काटा चुकायचा नाही, असं पेठ म्हणायची. आणि हा लेकाचा ते ऐकून मिशीला पीळ द्यायचा. आज तीच मिशी आसवांनी भिजली होती.

“नवस तुमच्यासमोरच बोललो हुतो. काशी तापातनं उठली, तर तिच्या वजनाएवढा गूळ वाहीन.”

“वाहिलास की.”

“पंधरा शेर. काट्याला काटा... पण पारड्यात बसवताना तिच्या पायातलं तोडं मी काढून ठेवलं.”

“का रं?”

“नवस पोरीच्या वजनाचा हुता. चांदीचा न्हवता.” इराप्पाची मान खाली गेली. “ती रडली. आप्पा, तोडं ऱ्हाऊ द्या, म्हनाली. बायकोबी म्हनाली. मी म्हटलं, तोल म्हंजे तोल... पुन्यांदा ताप आला. परवा मातीत ठेवून आलो तिला.”

बाबांच्या हातातला झाडू थांबला.

इराप्पाने गाठोडं सोडलं. तराजू काढला, ते चिमुकले तोडे काढले, गुळाचा एक खडा काढला.

“तोडं पावशेर भरत्यात. तेवढा गूळ मी राखला, बाबा. आज घ्या. पिराला सांगा, पुरतं झालं... मला घरात बसवत न्हाई.”

“तोल,” बाबा म्हणाले.

एका पारड्यात तोडे, दुसऱ्यात गूळ. गुळाचं पारडं किंचित खाली गेलं.

त्याने नखाने गुळाचा एक कण खरवडून काढला.

काटा मधोमध आला. तोड्यांची घुंगरं एकदा वाजली आणि गप्प झाली.

“बरोबर?”

“बरोबर,” इराप्पा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. तराजू जमिनीला टेकला.

बाबा त्याच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांचेही डोळे वाहत होते.

मग बाबांनी पायरीवर पडलेला तो गुळाचा कण उचलला आणि इराप्पाच्या तळहातावर ठेवला.

“ह्यो कुणासाठी राखलास, बाळा?”