आजोबांची कवळी

कीर्तनात हयात घालवलेल्या अंबूताई मिरजेतल्या एका फिल्म सोसायटीत खासनीसांचा मृत्यूवरचा सिनेमा पाहायला गेल्या. संपेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. अंबूताईंचाही दोनदा डोळा लागला.

दिग्दर्शक खासनीस मंचावरून कडाडले, "तत्त्वज्ञान हवं, तर करमणूक मागू नका! मरण मी जवळून पाहिलंय. शेवटच्या घटकेला आमचे आजोबा म्हणाले, गंगाजल राहू द्या, आधी माझी कवळी आणा. यमापुढे बोळक्या तोंडानं जाणार नाही!"

सगळे खो खो हसले आणि हसता हसताच गप्प झाले. अंबूताईंनी पदरानं डोळे टिपले, मग उठून हात जोडले.

"साहेब, हा आजोबांचा सिनेमा फार भिडला हो. मघाशी दाखवलात, तो कुणाचा होता?"