गोफण्याचं चिलखत

"मग काय, जन्मभर त्याने घोंगडीच पांघरून हिंडायचं?"

शाल्मलीने हे विचारलं तेव्हा दस्तगीर मास्तर बशीत चहा ओतत होते. त्यांनी ओतणं थांबवलं नाही.

गोफण्या हा मास्तरांच्या हातून जन्मलेला चित्रकथेतला वीर. मिरजेच्या एका मुलांच्या मासिकात तो बरीच वर्षं घोंगडी पांघरून, वाटेतले दगड गोफणीत घालून दुष्टांना लोळवत होता. सांगली जिल्ह्याबाहेर त्याला कुणी धड ओळखत नव्हतं. मासिक बंद पडलं तेव्हा मालकांनी तो पुण्याच्या एका कंपनीला विकून टाकला. मास्तरांना कुणी विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

आता कंपनी गोफण्याला आणि त्याच्या शत्रूंना नव्या पोशाखात बाजारात आणणार होती. पोशाखांचं काम मिळालं शाल्मली कुंभोजकरला. ती मास्तरांची शिष्या, हाताने तयार आणि जिभेने त्याहून तयार. पुस्तकावर पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं. कंपनीने सगळं मंजूर केलं होतं. मास्तरांनी एकदा मान डोलवावी, एवढ्यासाठी ती मिरजेला आली होती. मान काही डोलत नव्हती.

"बोला की, मास्तर. आवडलं नाही, असं तरी म्हणा."

मास्तरांनी बशी संपवली, हात पुसले आणि चित्रं पुढे ओढली. आधी खलनायक घेतले.

साळिंदर पूर्वी नुसता काळा स्वेटर घालायचा. शाल्मलीने त्याच्या पाठीवर मोडक्या छत्र्यांच्या काड्या उभ्या केल्या होत्या. धुराबाईचा पदर खांद्यावरून निघून धूर होत होता. गावच्या विहिरींना कुलपं घालणाऱ्या कुलूपशेठला तिने लांब कोट दिला होता आणि कोटाला आतून किल्ल्यांचं अस्तर लावलं होतं.

"ह्या काड्या कुठनं सुचल्या?"

"आमच्या कोपऱ्यावर एक छत्रीवाला बसतो."

"आणि हा कोट?"

"माझे एक काका आहेत. हुबेहूब असेच."

मास्तर हसले. त्यांचं हसणं स्वस्त नाही, हे तिला ठाऊक होतं.

"हे तिघं जिवंत आहेत," ते म्हणाले. "ह्यांना कपडे घालताना तू कुणाच्या बापाला भ्यायली नाहीस."

मग त्यांनी गोफण्याचं चित्र घेतलं. मानेपासून टाचेपर्यंत काळं-निळं पोलादी चिलखत. खांद्यांवर पत्रे, मांड्यांवर पत्रे, छातीवर चमचमता गोल. चित्र देखणं होतं. तसं कुणीही म्हटलं असतं.

"हा गोफणीसाठी दगड कुठनं आणतो?"

"दगड नाहीत आता. कमरेला डबा आहे, त्यात पोलादी गोळे. प्रयोगशाळेत तयार होतात."

"कुणाच्या?"

"एक उद्योगपती दाखवलाय कथेत. चांगला आहे तो."

"चांगला..." मास्तर म्हणाले. "आणि एक दिवस त्यानं गोळे दिले नाहीत तर?"

"तसं कथेत नाही. मास्तर, असं खोडून काढायला सोपं असतं. तुमच्या काळात मुलांना काहीही चालायचं. आता घोंगडीवाला वीर बघून मुलं हसतील. मला तो भीक मागणारा नाही, लढणारा दिसायला हवाय. आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी हेच छापणार आहे."

हे ती मोठ्याने बोलली. मास्तरांशी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. खोलीतल्या कुंचल्यांनीही कान टवकारले असतील.

मास्तर उठले. कपाटामागून त्यांनी चित्रं बांधायचा मोठा पुठ्ठा काढला आणि सुतळीसकट तिच्या पुढ्यात टाकला.

"छातीपोटावर बांध."

"कशाला?"

"बांध की. छापणार आहेस ना?"

तिने रागारागाने बांधला. हनुवटीपासून मांड्यांपर्यंत पुठ्ठा. मास्तरांनी टेबलावरचा रबर जमिनीवर टाकला.

"घे तो. दगड समज."

शाल्मली वाकली. पुठ्ठा हनुवटीत घुसला. तिने गुडघे दुमडून पाहिले, तर तो मांड्यांत रुतला. ती एका बाजूला कलंडली, भिंत धरली, पुन्हा उभी राहिली. हट्ट सोडायची तिची जात नव्हती. तिने पायाच्या अंगठ्याने रबर ओढायचा प्रयत्न केला. तो टेबलाखाली गेला.

"पोलादाचं चिलखत असं नसतं," ती म्हणाली. "त्याला सांधे असतात."

"तुझ्या चित्रात कुठं आहेत? दाखव."

तिने चित्राकडे पाहिलं. सांधे नव्हते. उभा राहून रुबाबदार दिसावा म्हणून तिने ते काढलेच नव्हते.

"नसू देत," ती म्हणाली. "कुणीतरी उचलून देईल त्याला."

"कोण?"

तिने सुतळी सोडली आणि पुठ्ठा खाली टाकला. तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचाही राग आला होता.

"ठीक आहे. घोंगडी परत देते. तुम्हाला तेच हवं होतं, तर पहिल्यांदाच सांगायचं."

"घोंगडी नको."

"का? मी कॉलेजात तिच्यावर निबंध लिहिलाय. घोंगडी म्हणजे गोफण्याचं मातीशी नातं."

"कसलं नातं अन् कसलं काय. मला तेव्हा कोपर काढता येत नव्हतं, पोरी. घोंगडीखाली झाकून टाकलं. पुढं कोपर जमायला लागलं, पण तोवर लोकांना घोंगडीची सवय झाली आणि मला काढून टाकायचा धीर झाला नाही. भर उन्हाळ्यात शिजत होता बिचारा."

शाल्मलीला हसू आवरेना. हसता हसता ती खालीच बसली.

"मग घालू काय त्याला?"

"पोशाख तू करणार आहेस. मला काय विचारतेस?"

तिने कागद घेतला. यावेळी गोफण्या तिने उभा केलाच नाही. उकिडवा बसवला, एक हात जमिनीवर, नजर समोर. अंगात जाड सुती सदरा. गोफण घासून घासून फाटतो म्हणून उजव्या खांद्यावर दुसऱ्या कापडाचा तुकडा शिवलेला. बाह्या वर सारलेल्या आणि कोपर उघडं, काळं, खरखरीत. पायांत टायरच्या चपला. भोवती साळिंदर, धुराबाई आणि कुलूपशेठ आपापल्या थाटात उभे. तिघांपुढे तो सर्वांत बुटका दिसत होता आणि तरीही तिघं त्याला बिचकून होते.

मास्तरांनी चित्र पाहिलं. मान डोलली. थोडीशीच, पण डोलली.

शाल्मलीला फार आनंद झाला. त्या आनंदातच तिने चित्राचा फोटो काढून कंपनीला पाठवला. मग मात्र तिला भीती वाटायला लागली.

फोन लगेच आला. कंपनीतला निनाद होता, तिचं काम पाहणारा. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"हे काय पाठवलंयस? अगं, चिलखतावरून खेळण्यांचे साचे तयार झालेत. खलनायक ठेव, चालतील. ह्याला उभा कर आणि चिलखत घाल."

"ते घालून त्याला वाकता येत नाही."

"वाकायचंय कशाला? हीरो आहे तो. हे बघ शाल्मली, चिलखत राहणार. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ."

शाल्मलीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. यात ते पडणार नव्हते.

"मग दुसऱ्याकडून घ्या करून," ती म्हणाली. "माझं नाव काढा. साळिंदराच्या काड्या आणि कुलूपशेठचा कोटही मी देत नाही."

तिने फोन ठेवला.

"गेलं पुस्तक," ती म्हणाली. "आणि नुसतं पुस्तक नाही गेलं, मास्तर. गोफण्या त्यांचा आहे. त्याचं नाव त्यांचं, गोफण त्यांची. आता तो मला काढता यायचा नाही. तुम्हालाही नाही."

मास्तरांनी तिचं चित्र आपल्याकडे ओढलं. पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला. वर तिने लिहिलेलं गोफण्याचं नाव पुसलं. मग सावकाश, कडेकडेने, त्याच्या खांद्यावरची गोफण पुसली. कागदावर त्या तिघांच्या मधोमध उकिडवा बसलेला एक माणूस राहिला, हात जमिनीवर टेकलेला.

"आता ह्याच्यापाशी उरलं काय?" शाल्मलीने विचारलं.

मास्तरांनी कुंचला धुतला, झटकला आणि तिच्या हातात दिला.

"दगड तेवढे विकत घ्यायचे राहून गेले त्यांच्याकडून."