कोल्ह्यानं सांगितलेला निकाल

फार पूर्वी एका रानात तळ्यावरून खटला झाला. न्यायाधीश हत्तीनं जड भाषेत लांबलचक निकाल वाचला, पण कुणालाच कळला नाही. तळ्याकाठी राहणारा कोल्हा म्हणाला, "मी सोपं करून सांगतो. खूरवाल्यांनी तळ्यावर यायचं नाही."

सगळे खूरवाले तळं सोडून निघाले. भुरी हरिणीला मात्र संशय आला. एवढ्या मोठ्या निकालाचा अर्थ नेमका कोल्ह्याच्याच सोयीचा कसा? दोन दिवस तहान सोसून ती हत्तीकडे गेली.

"महाराज, मला कळेल असं सांगा."

"तळं सगळ्यांचं," हत्ती म्हणाला. "वाट कुणी अडवायची नाही."

भुरीनं धावत येऊन सर्वांना सांगितलं. एक भेकर कुरकुरलं, "तुझं तरी खरं कशावरून?"

भुरी हसली. "चल, तूही विचारून ये."