वेणूची निळी पाकळी

एक होती वेणू. गावातल्या झेडपीच्या शाळेत तिची चिवचिव दिवसभर चालायची. मग आई-बाबा कामासाठी शहरात आले, आणि राखीव जागेवर तिला मोठ्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. तिथे वर्गात फक्त इंग्रजीच बोलायचं. वेणूला ते येईना. मग ती गप्पच राहू लागली. मुली घोळका करून हसत, खेळत. वेणूला कुणी हाक मारत नसे. मधल्या सुट्टीत ती शाळेच्या बागेत, गोकर्णाच्या वेलाखाली एकटीच डबा खायची.

एके दिवशी वेलावरचं निळंनिळं फूल हळूच उमललं. आत बोटाएवढी परी. चंदेरी पंख, दवाच्या थेंबांचा इवलासा मुकुट.

"रडतेस का गं, बाळ?" परीने विचारलं.

"माझ्याशी कुणी बोलत नाही," वेणू म्हणाली. "मला इंग्रजी हवंय."

परीने तिच्या तळहातावर एक झुळझुळीत पाकळी ठेवली. "ही जिभेवर विरघळली की तासभर इंग्रजी बोलता येईल. पण पाकळी एकच. दुसरी मिळायची नाही."

दुसऱ्या दिवशी बाई नाटकासाठी मुलं निवडणार होत्या. नाटकात घेतलं, तर मैत्रिणी मिळतील! वेणूने पाकळी जपून खिशात ठेवली.

सकाळी वर्गाकडे जाताना तिला जिन्याजवळ पहिलीतली नीलव्वा दिसली. दोन्ही कान दाबून ती रडत होती. ती नवीनच आली होती आणि तिला फक्त कानडी येत होतं.

"गोंगाटाला घाबरलीय," तिच्या बाई म्हणाल्या.

नीलव्वा काहीतरी सांगत होती. कुणालाच कळत नव्हतं. वेणूलाही नाही. पण असं न कळणं तिच्या ओळखीचं होतं.

तिने खिशात हात घातला. क्षणभर थांबली. मग पाकळी नीलव्वाच्या जिभेवर ठेवली.

नीलव्वा घडाघडा इंग्रजीत बोलू लागली. कानात किडा गेला होता! बाई तिला उचलून डॉक्टरांकडे धावल्या.

नाटकाच्या निवडीत वेणूला एक शब्दही बोलता आला नाही. सुट्टीत ती वेलाखाली जाऊन बसली. डबा उघडावासा वाटेना.

इतक्यात पावलं वाजली. कानात कापूस घातलेली नीलव्वा आली आणि तिला चिकटून बसली. पाकळीचा गुण केव्हाच सरला होता. तिने बाटली दाखवली.

"नीरु," ती म्हणाली.

"पाणी," वेणू म्हणाली.

मग वेणू हळूच म्हणाली, "वॉटर."

"वॉटर," नीलव्वाही म्हणाली.

फुलातून परी डोकावली. "दुसरी पाकळी नाही देता येत, वेणू. पण या वेलाखाली तुम्ही एकमेकींना शिकवलेला शब्द कधीच विसरणार नाही." तिने पंख झटकले. सोनेरी उजेडाची भुकटी दोघींच्या केसांवर सांडली आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

नीलव्वाने वर बोट दाखवलं. आता आकाशाची पाळी होती.