पाषाणराजाचा श्वास

एका राज्यात लोकांचा डोळ्यांवर भरवसा नव्हता, कानांवर तर मुळीच नव्हता. भरवसा होता तो एकट्या जिभेवर. नवा गूळ आला, चाखा. वैद्याने पुडी दिली, चाखा. शेजारच्या राजाशी तह झाला, तर दोघांनी एका वाटीतलं मीठ चाखायचं आणि मगच मोहोर उठवायची. जिथे सारं गाव एकाच दाराने आत-बाहेर करतं, तिथे चोराला दार शोधावं लागत नाही.

भस्मांजन नावाच्या मांत्रिकालाही शोधावं लागलं नाही. राजा रणधवलाने त्याला राजगुरुपद नाकारलं होतं. तो डंख मनात ठेवून त्याने एका सकाळी भर दरबारात रुप्याचा करंडा पाठवला. आत शुभ्र चूर्ण. रिवाजाप्रमाणे राजाने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि सिंहासनावर बसल्या जागी तो पाषाण झाला. लगोलग वावटळ आली, तिने तो पाषाण उचलला, आणि वावटळीतून आवाज उमटला :

"राजा माझ्या गुहेत आहे. सूर्य मावळेतो त्याचा श्वास चालेल, पुढे नाही. परीक्षा तीन. ज्याची छाती असेल त्याने यावं. आणि हो, चाखून पाहायला माझी मनाई नाही!"

दरबारात मिशीवाले पुष्कळ होते. सगळ्यांनी खाली पाहिलं. उठली ती राजाची एकुलती लेक सुवर्चला, आणि चालू लागली ती मुदपाकखान्याकडे.

वृद्ध प्रधान सोमदत्त मागून धावले. "राजकन्ये, शस्त्रागार या बाजूला आहे."

"ठाऊक आहे, प्रधानजी. मला लिंबं हवीत."

लिंबं घेतली, हळदीची पूड घेतली, पाण्याने भरलेली कातडी बुधली घेतली, एक पळी आणि पाच वाट्या घेतल्या. प्रधानांनी घोडे काढले, आणि दोघं डोंगराकडे निघाली.

गुहेच्या दारावर एक धनेश पक्षी बसला होता. चोच कोयत्याएवढी, बोलणं तिच्याहून धारदार. समोरच्या शिळेवर तीन ढीग होते, तिन्ही पांढरे, तिन्ही बारीक.

"यात एक मीठ, एक पिठीसाखर, एक पापडखार," पक्षी म्हणाला. "पापडखार उंबऱ्यावर टाकाल तर दार उघडेल. दुसरं टाकाल तर डोंगर खाली बसेल. तुम्ही डोंगराच्या खालीच उभे आहात, हे सांगून ठेवतो."

"यात काय मोठंसं?" सोमदत्त म्हणाले आणि जन्माच्या सवयीने त्यांनी बोट ओलं करून ढिगाला लावलं. जिभेपर्यंत ते पोचायच्या आत राजकन्येने मनगट धरलं. तोवर बोट दगडाचं झालं होतं.

"बोटावर निभावलं, प्रधानजी."

"सवय हो, राजकन्ये! साठ वर्षांची सवय!"

त्यांना हसू नये. मिठाचे खडे समजून लग्नाच्या स्वयंपाकाला तुरटीचे खडे देणारा वधूपिता मी स्वतः पाहिला आहे. वरणाचा पहिला घास घेतला आणि सारी पंगत तोंडं आखडून बसली. पांढरा रंग हा सर्वांत मोठा लबाड. तो कोणाच्याही अंगावर बसतो.

राजकन्येने काय केलं? हात न लावता तिन्ही ढिगांतून पळीने एकेक चिमूट वेगळ्या पानावर काढली आणि प्रत्येकीवर लिंबू पिळलं. पहिली मुकाट विरघळली. दुसरीही. तिसरी मात्र फसफसून उठली, बुडबुड्यांनी पान भरून गेलं.

"पदार्थ मुके नसतात," ती म्हणाली. "ज्याच्याशी त्यांचं पटत नाही असा कोणी भेटला, की लगेच बोलतात."

तिने पळीनेच पापडखार उंबऱ्यावर टाकला. दार उघडलं.

आत तीन कुंभ होते. पुन्हा तिन्हींत पांढरं. धनेश उडत पुढे आला. "एका कुंभात कळीचा चुना आहे. तो उचला. दुसऱ्याला हात लागला तर तो हात माझा."

या वेळी तिने हळद पाण्यात कालवली आणि कुंभांतून पळीने काढलेल्या तिन्ही चिमटींवर थेंब टाकले. एक पिवळीच राहिली. दोन कुंकवासारख्या लाल झाल्या.

"दोन्ही लाल!" सोमदत्त म्हणाले. "म्हणजे दोन्ही चुनेच. कोणताही उचला."

इथे शंभरातले नव्व्याण्णव जण कुंभ उचलतात. अर्धा पुरावा हाताला लागला की माणसाला तो सगळा वाटू लागतो. सुवर्चला थांबली. आत बाप दगडाचा होऊन बसलेला, ऊन उतरत चाललेलं, आणि ही मुलगी थांबली! मला तिचं कौतुक वाटतं ते इथे.

"हळद खारालाही लाजते आणि चुन्यालाही," ती म्हणाली. "एका साक्षीवर निवाडा नको."

दोन्ही लाल चिमटींच्या कुंभांतून तिने एकेक खडा पळीने काढला आणि त्यावर पाणी सोडलं. एक खडा नुसता भिजला. दुसरा तडतडला, फुलला, त्यातून वाफ निघाली.

"हा चुना."

"घे तर," धनेश कुरकुरला. "पान खायला होईल."

शेवटच्या दालनात भस्मांजन उभा होता आणि त्याच्यामागे तीन पाषाणराजे. तीच मिशी, तोच मुकुट, तीच कपाळावरची आठी.

"एक तुझा पिता, दोन माझी कारागिरी," मांत्रिक म्हणाला. "खऱ्याला मिठी मारलीस तर तो माणूस होईल. खोट्याला मारलीस तर खऱ्याचा भुगा."

राजकन्येने धनेशाच्या शेपटीचं एक पीस उपटलं.

"अगं, विचारून तरी घे!"

पीस तिने पहिल्याच्या नाकाशी धरलं. हाललं. दुसऱ्याच्या नाकाशी धरलं. हाललं. तिसऱ्याच्याही.

सोमदत्तांना रडू फुटलं. "तिघांनाही श्वास आहे!"

"तिघांना वारा आहे, प्रधानजी. वारा लोहाराच्या भात्यालाही असतो."

तिने मिळवलेला चुना बुधलीतल्या पाण्यात कालवला, गाळ बसू दिला आणि वरची नितळ निवळी वाट्यांत काढून घेतली. दालनाच्या दाराशी एक झरा होता, त्याच्या काठचा पोकळ बोरू कापून नळ्या केल्या. आधी स्वतः एका वाटीत फुंकर घातली : निवळी दुधासारखी झाली. मग रिकामी बुधली दाबून तिच्यातला वारा दुसऱ्या वाटीत सोडला : निवळी तशीच नितळ. भस्मांजनाच्या भुवया पहिल्यांदाच वर गेल्या.

पहिल्या पाषाणाच्या नाकपुडीतून नळी वाटीत सोडली. बुडबुडे आले, पाणी स्वच्छ. दुसऱ्याच्या वाटीतही बुडबुडे, पाणी स्वच्छ.

"आता तिसरा राहिला," मांत्रिक गोड आवाजात म्हणाला. "सूर्य टेकला आहे. मार मिठी."

"त्याचंही ऐकते."

"वेळ संपेल, मुली!"

"संपू दे. त्याने स्वतः सांगितल्याशिवाय मी त्याला बाप म्हणणार नाही."

तिसऱ्याच्या वाटीत एक बुडबुडा आला. मग फार वेळ काही नाही. दाराशी उन्हाची शेवटची चीर उरली होती. आणखी एक बुडबुडा आला. त्याच्याभोवती निवळीत धुक्याचा एक बारीक धागा उलगडला, मग दुसरा, आणि वाटीतलं पाणी हळूहळू दुधाळ झालं.

राजकन्येने त्या थंड दगडाला मिठी मारली. दगड कोमट झाला. मग ऊन झाला. मग त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाकीचे दोन राजे कोसळले, त्यांच्या पोटांतून चामड्याचे भाते बाहेर पडले. सोमदत्तांचं बोट वाकू लागलं. भस्मांजनाची विद्या ओळखली गेली, आणि ओळखलेली विद्या मांत्रिकाजवळ राहत नाही. तो मूठभर राख होऊन गुहेबाहेर उडाला. राज्याला राजा मिळाला.

"शाबास," धनेश शेपूट सावरत म्हणाला. कोणाला शाबास म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ.

रणधवलाने डोळे चोळले. "सुवर्चले, काय होतं गं त्या करंड्यात?"

"अजून ठाऊक नाही, बाबा."

राजाच्या मिशीला अजून पांढरं चूर्ण लागलेलं होतं. ते पुसायला, आणि जुन्या सवयीने बहुधा चाखायलाही, त्याचा हात वर गेला. तिने तो वरचेवर धरला आणि खाली पान धरलं.

"पुसू नका, चाटू नका. मान जरा खाली करा. तेवढं मला हवंय."