शांतेचं आसन

"बुवा, मांजराला समाधी लागते का?"

टिपणीसांनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. ते पिंजऱ्यात घालून, टेकडीच्या पायऱ्या चढून त्यांनी मठात आणलं होतं.

हंसगिरी बुवा ओसरीवर पाटावर बसले होते. पहाटे बसायचे ते काळोख पडेपर्यंत हलायचे नाहीत. ध्यान मोडू नये म्हणून मठातली माणसं त्यांना पाटासकट उचलून आत नेत. टिपणीस हे साऱ्या पुण्याला सांगत सुटायचे, जणू बसणारे तेच होते.

त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून मांजरीला बाहेर काढलं. राखी रंग, वाटोळं तोंड, कान पुढे मुडपून डोक्याला चिकटलेले. खाली ठेवताच ती माणसासारखी मागचे पाय पसरून ताठ बसली आणि पंजे पोटावर ठेवून स्थिर झाली.

"ही शांता. घरात तासन्‌तास अशीच. लोक हात जोडतात हिला."

"जात कुठली?"

"स्कॉटिश फोल्ड." टिपणीस खुलले. "साठेक वर्षांपूर्वी स्कॉटलंडातल्या एका गोठ्यात अशा कानांची एक पांढरी मांजरी होती. तिथल्या एका मेंढपाळाला ती आवडली. त्याने तिचं पिल्लू मागून घेतलं. जगातली ही सगळी मांजरं त्या एकीच्या वंशातली. आमचं घराणं पणजोबांच्या पलीकडे आम्हाला ठाऊक नाही बुवा, पण हिचं थेट त्या गोठ्यापर्यंत जातं."

"ती पहिली... तिचं काय झालं?"

"रस्त्यावर गाडीखाली गेली."

"म्हणजे रस्त्यापर्यंत चालत गेली."

टिपणीस हसले. बुवा थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं.

"तिकडच्या शहाण्यांनी पुढे या जातीची नोंद करणंच बंद केलं. हाडं दुखतात म्हणे. पोटदुखी, दुसरं काय!" मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "बुवा, एक मागणं आहे. खाली गाडीत बोका आणलाय. त्याचेही कान असेच. लोक असा जोडा लावायला भितात, मी लावणार आहे. दोन्हीकडून मुडपलेले कान, म्हणजे पिल्लं हिच्याहूनही अचल निपजतील. आपण हिच्या डोक्यावर हात ठेवा."

बुवांचा हात स्वतःच्या गुडघ्यावरून हलला नाही.

"भूक लागलीय का तिला?"

"सकाळपासून उपाशी आहे. प्रवासात उलट्या होतात, म्हणून काही दिलं नाही."

"दूध आहे तिथे."

ओसरीच्या कडेला नैवेद्याची वाटी होती. दिवसा ध्यान चालू असताना आसनाजवळ जायची कोणाची छाती होत नसे, म्हणून ती नेहमी तिथेच ठेवली जाई, बुवांचा हात पोचणार नाही इतकी लांब. टिपणीस ती उचलायला वाकले.

"उचलू नकोस. येऊ दे तिला."

शांतेने वाटीकडे पाहिलं. तिचं नाक हललं. तिने ओठ चाटले. एक पंजा जमिनीवर टेकला, अंग पुढे झुकलं... आणि ती पुन्हा मागे बसली. नजर मात्र वाटीवरच होती.

"पाहिलंत?" टिपणीस कुजबुजले. "मोहच नाही हिला."

बुवांनी तिच्या मागच्या पायांकडे पाहिलं.

"तिचा मागचा पाय दुमड."

टिपणीसांनी पाय धरला. तो दुमडेना. घोटा लाकडासारखा होता. त्यांनी जरा जोर लावला आणि शांता ओरडली.

ते ओरडणं त्यांच्या ओळखीचं होतं. हिची आई तश्शीच ओरडायची. म्हणून तर त्यांनी त्या आईला उचलणं सोडलं होतं आणि आल्यागेल्याला सांगितलं होतं, ध्यानात असते, हात लावू नका.

"हिची आई?" बुवांनी विचारलं.

"बसल्या जागी गेली." टिपणीसांनी शांतेचा पाय सोडला. "आम्ही... फुलं वाहिली."

स्वतःची इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. कौतुक करत करत त्यांनी दोन जिवांचे हाल केले होते, आणि पुढच्यांची तयारी खाली गाडीत होती.

त्यांनी वाटी ओढून शांतेच्या तोंडाशी धरली. ती इतक्या घाईने प्यायली की दूध तिच्या नाकात गेलं.

"बुवा, आता बोक्याचं काय करू?"

बुवा दूध पिणाऱ्या शांतेकडे पाहत होते.

टिपणीसांना रडू फुटलं. सवयीने ते वाकले आणि त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं टेकलं. कपाळाला गुडघा लागला. तो सुजलेला होता, आणि दगडासारखा कडक. वर बुवांचा श्वास अडखळलेला त्यांना ऐकू आला.

"नमस्कार राहू दे," बुवा म्हणाले. "हात दे. मला उठायचंय."