डाव्या हाताची चारी

जरा जपून, ही चारी ओलांडून या. चप्पल पाण्यात नको. नाक धरलंत तरी चालेल, मोरीचंच पाणी आहे. आमच्या गव्हाळवाडीत सगळ्यांच्या मोरीचं पाणी असंच वरच्या परसातून खालच्या परसात जातं आणि शेवटी ओढ्याला मिळतं. कुणी कुणाचं अडवत नाही. हा मधला अळू बघा, देठ लालभडक. वर-खाली सगळीकडे हिरव्या देठाचा, फक्त इथले सात-आठ हात असा. शहरातून आलेल्या बायका विचारतात, याची वडी चांगली होते का? होत असेल. आम्ही कधी करून पाहिली नाही.

या दोन्ही परसांची पूर्वी मिळून एकच बाग होती, असं सांगतात. भिवराई नावाच्या बाईने ती उभी केली. नवरा गेला तेव्हा पदरात दोन मुलगे, हैबती आणि शिदू. तिने मोरीपासून उतारावर ही चारी खणली आणि भांड्यांच्या, आंघोळीच्या पाण्यावर केळी, अळू, भोपळे, घेवडा पिकवून पोरं वाढवली. पोरांची लग्नं झाली आणि मग वाटण्या झाल्या. थोरल्या हैबतीला मोरीसकट घर आणि वरचं परस मिळालं. आई त्याच्याकडेच राहिली. शिदूला खालचं परस, तिथे त्याने झोपडं बांधलं. पाण्याची वाटणी करायचं कुणाला सुचलं नाही. ते वाहत होतं तसंच वाहत राहिलं.

शिदूच्या हाताला गुण होता. त्याच्या मांडवाला भोपळे लटकले की येणारा-जाणारा थांबून बघायचा. हैबतीला ते खुपायला लागलं. पाणी माझ्या मोरीचं आणि कौतुक त्याच्या भोपळ्यांचं, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा म्हणे. दुसऱ्याचं बरं बघवेनासं झालं की माणसाला अक्कल राहत नाही. एका चैत्रात त्याने फुटक्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, चारीत उभी केली आणि पाणी आपल्या केळींत वळवलं. ज्या जात्यावर आईने त्याच्यासाठी दळलं, त्याचीच ती तळी.

विहिरी आटल्या होत्या. शिदूची बायको गोजरा सातव्या महिन्यात होती, आणि दोघांचं पोट त्या बागेवर. शिदूने तळी काढली, हैबतीने परत लावली. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी वेल माना टाकून पडले, तेव्हा शिदूने कुऱ्हाड घेतली आणि थोरल्याच्या केळी बुंध्यातून तोडल्या, केळफूल आलेलीसुद्धा सोडली नाही. ते बघून हैबती कोयता घेऊन धावला.

भर दुपारी, या इथेच. शिदूने कुऱ्हाडीचा दांडा घातला आणि थोरल्याचे पुढचे दात पडले. पातं फिरवलं नाही, दांडाच घातला, हे आमच्याकडे आवर्जून सांगतात. हैबतीने मात्र पातंच घातलं. एक घाव खांद्यावर, दुसरा मानेवर. शिदू चारीत आडवा पडला आणि पडल्यावरही हैबतीने तिसरा घातला. तिसऱ्याची गरज नव्हती. इतक्या वेळा ही गोष्ट सांगितली, पण तो तिसरा घाव मला अजून सहन होत नाही.

भिवराई तेव्हा घरात भांडी घासत होती. तिने ओतलेलं पाणी मोरीतून बाहेर गेलंच नाही, असं सांगतात. उतार सोडून ते उलटं चढलं, लाल होऊन मोरीतून घरात आलं, चुलीत शिरलं आणि चूल विझली. ती ओल्या हातांनी बाहेर आली. चारीत धाकटा, काठावर थोरला.

“तुला पानी अडवायचं हुतं न्हवं?” ती म्हणाली. “अडलं बघ.”

गावचे चार गडी प्रेत उचलायला आले, तर ते जागचं हलेना. ज्यानं अडवलं त्यानंच काढावं, असं भिवराईने सांगितलं. हैबतीने खाली वाकून उजवा हात घातला. तरी हलेना.

“त्या हातानं न्हाय उठायचा त्यो,” आई म्हणाली.

हैबतीने तोच कोयता डाव्या हातात घेतला, उजवा हात जात्याच्या तळीवर ठेवला आणि मनगटावर घाव घातला. डाव्या हाताला सवय नव्हती, एका घावात तुटला नाही. तीन लागले. आई एकदाही पुरे म्हणाली नाही. मग त्याने नुसत्या डाव्या हाताने भावाला कवेत घेतलं, आणि झोपलेलं मूल उचलावं तसा शिदू हलका उठला. पाणी सुटलं. खाली दाराशी बसलेल्या गोजराच्या पायांपर्यंत ते आलं, तेव्हा ती हैबतीला इतकंच म्हणाली, “आलं.”

पुढे हैबतीने सगळं आयुष्य ती खालची बाग एका हाताने राखली. शिदूचा मुलगा तिच्यावरच वाढला. गोजरा मात्र मरेपर्यंत हैबतीशी दुसरा शब्द बोलली नाही. काही जण म्हणतात, गोजराने जरा जास्तच केलं. मला तसं वाटत नाही.

त्या रक्तावर हा अळू लाल झाला म्हणे. आणि आजही चैत्र अमावास्येला प्रत्येक घरातला थोरला भाऊ चारीतला गाळ उपसतो. उजवा हात पाठीशी, खोरं नाही, फावडं नाही, नुसता डावा हात. धाकटा खाली उभा राहतो. पाणी पोचलं की त्याने हाक द्यायची, आणि ती हाक येईपर्यंत थोरल्याने वाकलेलं उठायचं नाही.

ते खालचं पत्र्याचं घर माझ्या धाकट्या भावाचं, महिपतीचं. माझ्या लेकीच्या लग्नात मानपानावरून बिनसलं, सात वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. चूक कुणाची ते मला विचारू नका, मी माझीच बाजू सांगेन. पण अमावास्येला मी इथे वाकतो आणि तो तिथे येऊन उभा राहतो. या खेपेला पाणी त्याच्या पायाशी पोचलेलं मला इथून दिसत होतं, आणि तो गप्प होता. माझी कंबर मोडायला आली. मी उठलो नाही. बराच वेळ गेला, मग खालून आवाज आला.

“आलं.”

आमचं वर्षाचं बोलणं आजही तेवढंच. पुढच्या अमावास्येपर्यंत मला ते पुरतं.